एनआयसीयूतल्या बाळांसाठी कार्टूनच्या टोप्या: माप, लोकर आणि बाकी सगळंच विचारायचंय

खिडकीतली_सीट

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय आणि विषयही धाग्याचाच आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या नणंदेला एप्रिलमध्ये मुलगा झाला, एकतिसाव्या आठवड्यात, वजन दीड किलोच्या जरा आतच. पाच आठवडे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, होता, आता घरी आहे आणि रात्रभर रडून अख्खा मजला जागा ठेवतो, म्हणजे छान चाललंय. तेव्हा मी रोज डबा घेऊन जायचे तर काचेतून बाकीची बाळं दिसायची. त्यांच्या डोक्यावर ती प्लास्टरच्या आत घालतात ना होजियरीची नळी, तिलाच वर गाठ मारून केलेल्या टोप्या होत्या. काम होतंच त्याने, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. मला क्रोशा येतो, म्हणजे लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बघून शिकले तेवढा, आणि मुलुंड ते सीएसएमटी रोज जाऊन येऊन दोन तास खिडकीशी बसलेलीच असते (मिळाली तर).

तर आमच्या भिशीतल्या चौघींनी ठरवलंय की १७ नोव्हेंबरला, म्हणजे प्रीमॅच्युअर बाळांचा जागतिक दिवस असतो तेव्हा, ५० टोप्या एखाद्या म्युनिसिपल हॉस्पिटलला द्यायच्या. आणि साध्या नाहीत, डोरेमॉन, मिनियन, मिकी, पांडा अशा. पहिला मिनियन केला तो पॅटर्नप्रमाणेच केला हो, पण एवढा मोठा झाला की बाळाला काय, घरातल्या पाच लिटरच्या कुकरला बसला.

आता प्रश्न. माप काय घ्यायचं? लोकर की कॉटन? सासूबाईंच्या माळ्यावर दोन पिशव्या भरून जुनी चांगली लोकर आहे, ती चालेल का? आणि हॉस्पिटलवाले घेतात का मुळात?

गाठीनिरगाठी

अगं कुकरला बसली म्हणजे तू टाक्यांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन नावांच्यात सापडलीस, दुसरं काही नाही. ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल लिहिलेलं असतं तो आपला मुका खांब, म्हणजे बुटका टाका, आणि अमेरिकन डबल म्हणजे आपला खांब, उंची दुप्पट. पॅटर्नमध्ये कुठेही 'सिंगल' शब्द दिसला की समजायचं अमेरिकन आहे, ब्रिटिशांकडे सिंगल नसतंच बहुतेक ठिकाणी. मी पण एकदा याच घोळात अख्खं स्वेटर उसवलंय.

माप आठवड्यांवर असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं घेरात ३३ ते ३५ सेंमी. बत्तीस आठवड्यांच्या आसपास २९-३० धर, अठ्ठावीसला २५-२६, आणि त्याहून आधीची बाळं २२-२३ ची पण असतात. मनात चित्र येत नसेल तर बाजारातलं मोठं संत्रं हातात घे, ते सगळ्यात लहान डोकं. सोललेला नारळ म्हणजे तेहतीस-चौतीस आठवड्यांचं. मी खरंच नारळावर घालून बघते, नंतर त्याची चटणी होते.

टोपी डोक्यापेक्षा दीड-दोन सेंमी कमी ठेवायची, ताणते. २९ च्या डोक्याला २७ ची टोपी पुरते. मध्यम जाडीचा दोरा, साडेतीन ते चार मिमीची सुई, आणि तुझ्या हाताने सेंटीमीटरला दोन मुके खांब येत असतील तर मॅजिक रिंगमध्ये (सुरुवातीचं ओढून बंद करायचं कडं) ६, मग दर फेरीला ६ वाढवत ५४ पर्यंत, म्हणजे नऊ फेऱ्या, त्यानंतर न वाढवता १५ फेऱ्या सरळ. उंची ११ सेंमीच्या आसपास येते. हात घट्ट-सैल असतो प्रत्येकीचा त्यामुळे माझे आकडे तसेच्या तसे उचलू नकोस, आधी १० सेंमीचा चौकोन विणून टाके मोज. चौघीजणी करणार असाल तर चौघींनी वेगवेगळा मोजा!!

कॅरेक्टर म्हणशील तर डोरेमॉन सगळ्यात सोपा कारण त्याला कानच नाहीत, उंदराने खाल्लेत ना. निळी टोपी, पुढे पांढरा गोल, लाल नाक, मिशा, झालं. चेहरा थेट टोपीवर भरू नको, आत दोऱ्यांचं जाळं होतं आणि ते बाळाच्या कपाळाला घासतं. वेगळा पातळ गोल विण, त्यावर डोळे-नाक भर, मग तो गोल टोपीवर शिव. सगळ्या गाठी दोन थरांच्या मध्ये लपतात.

रात्रपाळी

मी एनआयसीयूत सिस्टर आहे, कुठे ते विचारू नका. सकाळी घरी येऊन हे वाचलं आणि झोपायच्या आधी लिहितेय.

सगळ्यात आधी सासूबाईंची लोकर. माळ्यावर ठेवली आहे म्हणजे त्यात डांबराच्या गोळ्या, म्हणजे नॅप्थलीन, असणार, आपल्याकडे असतातच. ती लोकर बाळांसाठी अजिबात वापरू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, बाहेरून बघून काही कळत नाही, आणि अशा बाळाच्या श्वासात किंवा त्वचेतून नॅप्थलीन गेलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. नुसतं एकदा धुऊन भागत नाही. आपण बारशाला ट्रंकेतली जुनी दुपटी काढतो त्यालाही हेच लागू आहे, हे मी प्रत्येक आजीला सांगते आणि प्रत्येक आजीला राग येतो.

दोरा कॉटनचाच घ्या. लोकरीचे तंतू सुटतात, आणि वॉर्डात कपडे ऑटोक्लेव्हला, म्हणजे जंतू मारायच्या यंत्रात, गेले तर तिथे १२१ डिग्रीची वाफ असते, त्यात अ‍ॅक्रिलिकची वाट लागते. कॉटन टिकतं.

टोपी हवी कशाला ते पण सांगते म्हणजे कशी करायची ते आपोआप कळेल. या बाळांच्या अंगावर चरबी नसते, आपल्यासारखं कुडकुडून अंग गरम करता येत नाही, आणि डोकं शरीराच्या मानाने मोठं, तिथून ऊब निघून जाते. ३६.५ च्या खाली टेम्परेचर गेलं की बाळ थंड पडलं म्हणतो आम्ही. मग अंगातली साखर आणि ऑक्सिजन ऊब करण्यातच संपतात, वजन वाढत नाही. म्हणून टोपी बसली पाहिजे, डोळ्यांवर घसरता कामा नये, कानावर घट्ट दाबता कामा नये. सीपॅपवरच्या, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रावरच्या, बाळांना नळ्या धरायला वेगळी टोपी असते, डोक्यात सलाईन असेल तर टोपी घालतच नाही. तुमची टोपी कामाला येते ती त्यातून बाहेर पडलेल्या, वाढायला लागलेल्या बाळांना.

बटणं, मणी, ते हलणारे प्लास्टिकचे डोळे, पॉमपॉम, बांधायच्या नाड्या, काहीही नको. जाळीची नक्षी नको, भोकात बोट अडकतं. आत एकही सुटा धागा नको, बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबतो आणि आधी कोणाच्या लक्षातही येत नाही. पांडाचे कान भरीव करू नका, आम्ही बाळं कुशीवर, पोटावर फिरवत असतो, ते कान खाली दबून कवटीला टोचतात. करायचेच तर एका थराचे चपटे.

विणून झालं की बिनवासाच्या लिक्विडने धुवा, सॉफ्टनर नको. कडक उन्हात वाळवा आणि एकेक टोपी वेगळ्या झिपच्या पिशवीत, वर घेर सेंमीमध्ये लिहून. पावसात धुऊ नका, कुबट वास राहतो. ऑक्टोबर हीटचा एवढा एकच फायदा आहे तो घ्या.

आणि घरी गेल्यावर बाळ पाळण्यात झोपलेलं असताना टोपी काढायची, हे पण आयांना सांगा. मुंबईत तर नक्कीच.

परखड_पार्लेकर

वातावरण बिघडवायला आलो नाहीये पण कोणीतरी बोलायला हवं. एका हॉस्पिटलात असंच एका ग्रुपने शंभरेक टोप्या दिल्या होत्या, सगळ्या एकाच मापाच्या, चार महिन्यांच्या बाळाला बसतील अशा. कपाटात पडून होत्या. वर देताना त्यांना बाळांसोबत फोटो हवे होते. कोणाच्या तरी जिवावर बेतलंय आणि तुम्ही बॅनर धरून उभे.

आधी जा, विचारा. सोशल वर्कर असतात, एनआयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर असतात. टोप्या नको असतील, लहान मापाचे डायपर किंवा आईला राहायला-खायला मदत हवी असेल. सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मानवी दुधाची बँक सुरू केली, तिला काचेतून कौतुक करणाऱ्यांपेक्षा दूध देणाऱ्या आया लागतात. तुमच्या भिशीत कोणी लेकुरवाळी असेल तर तिला हे सांगा, टोपीपेक्षा मोठं काम होईल.

गाठीनिरगाठी

@परखड_पार्लेकर मुद्दा बरोबर आहे, सूर नेहमीसारखाच. आधी विचारायला हवं हे शंभर टक्के. पण जी बाई ट्रेनमध्ये बसून दोन तास मोबाइल बघणार होती ती टोपी करतेय, त्याने दूध बँकेचं दूध कमी होत नाही.

खिडकीतली_सीट

बाप रे, डांबरगोळ्या! आहेतच. पिशवी उघडली की शिंकाच येतात. सासूबाईंना कसं सांगायचं हा आता वेगळा धागा काढावा लागेल.

@परखड_पार्लेकर तुम्ही म्हणता तसं आज जेवणाच्या सुट्टीत फोन केला एका ठिकाणी. बाई नीट बोलल्या. म्हणाल्या आणा, पण लहान मापं जास्त आणा, मोठी सगळेच आणतात. आणि आधी दोन नमुने दाखवून जा. फोटो नको ते आम्हालाही नकोच होते. दूध बँकेचं भिशीत सांगते, आमच्यातल्या एकीची सून बाळंत झालीये मागच्या महिन्यात.

भुलेश्वरला जाऊन कॉटन आणणार आहे शनिवारी. डोरेमॉन पक्का, मिनियनच्या गॉगलचं काय करू?

सातव्या_महिन्यातली_आई

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही, पण हा धागा सोडवेना.

माझी मुलगी एकोणतीस आठवड्यांची, ११८० ग्रॅम. आता सहा वर्षांची आहे आणि डोसे मोजून खाते. ती जरा स्थिर झाल्यावर मला कांगारू केअर द्यायला सांगितलं. म्हणजे बाळाला फक्त टोपी, लंगोट, मोजे घालून आईच्या छातीवर उभं, कातडीला कातडी लावून बांधायचं, तासन् तास. हे १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाला सुरू झालं कारण तिथे इन्क्युबेटर कमी पडत होते, मला सिस्टरनेच सांगितलं होतं, आणि बाबाही देऊ शकतात, आमच्याकडे ह्याने रात्रीची पाळी घेतली होती, बनियनमध्ये झोपलेली ती दोघं.

तर सांगायचं हे की चेहरा पुढे करताय ना सगळ्याजणी, तो आईला दिसतच नाही. बाळाचं डोकं आपल्या हनुवटीखाली असतं आणि मान एका बाजूला वळवलेली. मी जवळजवळ महिनाभर फक्त टोपीचा शेंडा बघितलाय, होजियरीची गाठ, ती गाठ मला अजून काढून दाखवता येईल. डोरेमॉनचा चेहरा माझ्या गळ्याला चिकटून बसला असता आणि वर नुसतं निळं. त्यामुळे जे काय करायचं ते डोक्याच्या मध्यावर करा, वरून बघितल्यावर कळेल असं.

आणखी एक, तुम्हाला पटेल न पटेल. ती तेव्हा इतकी सुरकुतलेली होती, कातडी सैल, कपाळावर आठ्या, अगदी म्हातारी दिसायची. माझी आई पहिल्यांदा आत आली, बराच वेळ काही बोललीच नाही, मग हळूच तिच्याकडे बघून म्हणाली, लेकीकडे जाईन, तूप रोटी खाईन, जाडजूड होईन. मला हसू पण आलं आणि मग बाकीचं पण. त्यानंतर रोज वजनाचा आकडा फोनवर सांगितला की आई विचारायची, भोपळा कुठवर आला? वीस ग्रॅम वाढले की म्हणायची टुणुक टुणुक.

भोपळ्याची टोपी करता येईल का कोणाला?

गाठीनिरगाठी

येईल म्हणजे काय, मिनियनपेक्षा सोपी!! आणि सिस्टरच्या सगळ्या अटींत बसते, ना कान ना डोळे ना गॉगल.

गोल नको विणू, आडवी विण. २२ टाक्यांची ओळ, ती टोपीची उंची झाली. दर ओळ मागच्या दोऱ्यात टाके घालून करायची म्हणजे उभ्या फाका दिसतात आणि रबरासारखी ताणते, एकच टोपी बाळ वाढेल तशी दोन-तीन आठवडे जास्त चालते. दर ओळीत शेंड्याकडच्या कडेचे पाच टाके मुके खांब घे आणि बाकीचे अर्धे खांब (मुक्यापेक्षा जरा उंच), तेवढी बाजू आपोआप अरुंद होते आणि वर चुण्यांचा गोळा येत नाही. न ताणता पट्टी २६ सेंमी झाली की दोन्ही कडा शिव, वरचं तोंड ओढून बंद कर. देठ उभा करू नका, हिरवा छोटा चपटा गोल आणि एक पान, टाळूवर जड काही नको.

केशरी रंग मात्र आधी भिजवून बघ, जातो की काय ते.

रात्रपाळी

चालेल. पान चारही बाजूंनी शिवा, टोक सुटं ठेवू नका.

खिडकीतली_सीट

काल येतानाच्या ट्रेनमध्ये पट्टी सुरू केली, घाटकोपरला समोरच्या मावशींनी विचारलं पट्टा करतेस का कमरेचा. त्यांना सांगितलं भोपळा आहे, तर भांडुपपर्यंत अर्धा डबा म्हातारीची गोष्ट एकमेकींना दुरुस्त करून सांगत होता. वाघ आधी भेटतो की कोल्हा यावर अजून एकमत नाहीये.

पहिली झाली, २६ ला केली ती साडेपंचवीस आली, नारळावर बसली. सासूबाईंनी जुन्या लोकरीबद्दल मनाला लावून घेतलं होतं ते देठाचं पान त्यांना करायला दिल्यावर सुटलं. ५० पैकी वीस भोपळे करतोय, दहा डोरेमॉन ज्यांना हवेत त्यांना, बाकीच्या साध्या जांभळ्या, त्या दिवसाचा रंगच तो आहे म्हणे. शनिवारी दोन नमुने घेऊन जातेय. @सातव्या_महिन्यातली_आई सर्वात लहान मापाचा, २२ चा, तुमच्या लेकीच्या नावाने धरलाय. नाव विचारत नाही.