मदत हवी आहे: टायफॉइडचा जंतू म्हशीला का धरत नाही?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात बारावीला जीवशास्त्र शिकवतो. टायफॉइड शिकवताना एका पोरानं अडवलं. त्यांच्या घरच्या म्हशी गंगावेशीत कट्ट्यावर धारेला असतात. म्हणाला, "सर, नदीचं पाणी म्हशीबी पितात, मग टायफॉइड आमालाच कसा?"

उत्तर शोधताना मीच गोंधळलोय. टायफॉइडचा जंतू साल्मोनेला टायफी माणसाशिवाय कुठं राहत नाही. त्याचा भाऊबंद टायफीम्युरियम गाय, डुक्कर, कोंबडी, उंदीर, कुणालाही चालतो. २००१ साली दोघांचे जीनोम, म्हणजे डीएनएचे पूर्ण आराखडे, प्रसिद्ध झाले. टायफीत २०० च्या वर जनुकं मोडकी, टायफीम्युरियममध्ये जेमतेम ४० च्या आसपास. कुष्ठरोगाच्या जंतूचं तर विचारूच नका, चालू जनुकं सुमारे १,६०० आणि मोडकी १,१००!

एवढी मोडतोड झाल्यावर जंतू लुळा पडायला हवा. टायफी उलट रक्तात उतरतो, पित्ताशयात वर्षानुवर्षं दडतो. मग आधी काय? जनुकं मोडली म्हणून तो माणसात अडकला, की माणसात मुरला म्हणून मोडली?

पेट्रीडिश: सर, बरीचशी मोडतोड मागाहूनची. आतड्याच्या दाहात इतर जंतूंशी झुंजायला टायफीम्युरियमला जी जनुकं लागतात, ती रक्तात आणि पेशींच्या आत राहणाऱ्याला फुकटचं ओझं. ती बिघडली तरी नैसर्गिक निवड बिघडलेल्यांना चाळून काढत नाही. पण नुसतं गमावलेलं नाही. व्हीआय नावाचं आवरण बनवणारी जनुकं टायफीनं बाहेरून मिळवलीत, त्यामुळं आपल्या प्रतिकारशक्तीला तो चटकन ओळखू येत नाही.

गंमत पुढं आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पेशींवर सियालिक आम्ल या साखरेसारख्या रेणूचे दोन प्रकार असतात. त्यातला एक बनवणारं जनुक माणसात लाखो वर्षांपूर्वीच मोडलंय. टायफॉइडचं विष नेमकं आपल्याकडं उरलेल्या प्रकारालाच चिकटतं. सगळं उत्तर एवढ्यात नाही, पण पोराला सांगायला हे झकास.

आणि म्हशी टायफॉइड देत नसल्या तरी ब्रुसेला (ताप आणणारा जंतू) आणि गुरांचा क्षय दुधातून येतो. धारोष्णवाल्यांना राग आला तरी चालेल, दूध तापवूनच प्या.

धागाकर्ता: आभार! डांग्या खोकल्याचा जंतूही याच वाटेनं गेला का?

पेट्रीडिश: हो. अनेक प्राण्यांत राहणाऱ्या बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिकासारख्या पूर्वजापासून. त्याच्या तुलनेत जीनोम डीएनएच्या ५३ लाख अक्षरांवरून ४१ लाखांवर आलाय.