फुलझाडं लावून गल्ली सुधारते का?

कोपऱ्यावरचा:
आमच्या गल्लीच्या तोंडाशी जमिनीचा एक मोकळा तुकडा आहे. चार वर्षांपूर्वी उत्साही मंडळींनी तिथे बाग केली. फोटो निघाले, भाषणं झाली. आज तिथे पिवळा रंग दिलेला टायर आहे, त्यात एक वाळकी काडी, आणि शेजारी 'फुले तोडू नयेत' ही पाटी. तोडायला फूल नाही, पाटी मात्र टवटवीत.
माझं म्हणणं सरळ आहे. हौशी गटांनी सार्वजनिक जागा सजवायच्या म्हणजे ज्यांचं ते काम आहे त्यांना मोकळं सोडायचं. कर आपण भरायचा आणि झारीही आपणच धरायची? आधी कचरा उचला, दिवे लावा. फुलांचं नंतर बघू.

रोपवेडी:
पाटीचा किस्सा भारी, पण मुद्द्याशी साफ असहमत. फिलाडेल्फियात ५४१ ओसाड भूखंडांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. काहींवर कचरा काढून गवत, थोडी झाडं आणि बुटकं लाकडी कुंपण केलं. काहींवर फक्त सफाई. उरलेले होते तसेच ठेवले. २०१८ साली निष्कर्ष आले. हिरव्या केलेल्या जागांजवळ खिन्न वाटतं म्हणणाऱ्यांचं प्रमाण, काहीच न केलेल्या जागांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटलं. नुसती सफाई झाली तिथे असा ठळक फरक दिसला नाही. 'आधी कचरा, मग फुलं' हे तुमचं गणित तिथेच चुकतं.

तिरकस:
ताई, तोच प्रयोग पुढे वाचा. तिथे दर महिन्याला ठरल्याप्रमाणे देखभाल होत होती. रविवार सकाळची हौस नव्हती ती. म्हणजे हा पुरावा धागाकर्त्याच्या बाजूचा झाला!

रोपवेडी:
देखभालीचं मान्य. पण सुरुवात कुणी करायची? न्यूयॉर्कमध्ये बाउरी आणि हाउस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा उकिरडा १९७३ साली लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी साफ केला. पालिकेची वाट बघत बसले नाहीत. पुढच्याच वर्षी पालिकेने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने त्यांना दिली. आज ती बाग तिच्याच नावाने ओळखली जाते.

हिशेबी:
त्याच शहराचं १९९९ सालही सांगा की. पालिकेने अशा ११४ बागांच्या जमिनी लिलावात काढल्या होत्या. ऐनवेळी बेट मिडलर या गायिका-अभिनेत्रीची संस्था आणि एक भूसंवर्धन न्यास यांनी त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. ओसाड तुकड्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. तो फुलला की मालकाला जाग येते. लेखी परवानगी नसेल तर एक रोपही लावू नये, या मताचा मी आहे.

खुरपं:
अशा गटात नऊ वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.
आम्ही पहिल्यांदा कुदळ मारली तेव्हा वीतभर खाली विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं आणि अर्धी चप्पल निघाली. त्यातच रोपं खुपसली. पहिल्या हंगामात सगळी गेली. मग खणणं सोडलं. वर पुठ्ठे अंथरले, त्यावर पालापाचोळा आणि कंपोस्ट टाकून उंच वाफे केले. पालेभाजी मात्र नको म्हटलं. जुना रंग आणि पूर्वीच्या शिसंवाल्या पेट्रोलचा धूर यांतलं शिसं मातीत वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे माती तपासल्याशिवाय खायचं काही लावत नाही.
टायर तर मुळीच नको. माती कमी, ऊन लागलं की तापतो, आणि कडेत पाणी साचून डासांची सोय होते. वर फोटो काढणाऱ्यांना हंगामी फुलं हवी असतात, जी दोन-तीन महिन्यांत संपतात. आम्ही आता चिवट झुडपं लावतो. दिसायला अगदीच अळणी, पण जगतात.
आणि गट मोडतो तो मतभेदांनी नाही, पाण्याने. दोन मजले बादल्या उतरवायचा उत्साह तीन आठवडे टिकतो. म्हणून नवीन लोक आले की मी झाडांचं काही विचारत नाही, नळाचं विचारतो. कोपऱ्यावरचे, तुमच्याकडे नळ कुणाचा होता?

कोपऱ्यावरचा:
माझा.

रोपवेडी:
अरेच्चा!

कोपऱ्यावरचा:
पहिला उन्हाळाभर पाईप माझ्याच नळाला होता. बिलही मीच भरलं. वेळापत्रकात सात नावं होती. जूनमध्ये एकच उरलं. एके दिवशी पाईप गुंडाळून आत ठेवला, कुणी विचारलंही नाही.

तिरकस:
मग हे धाग्यात सगळ्यात आधी लिहायचं ना राव!

खुरपं:
पाईप अजून आहे का?

कोपऱ्यावरचा:
आहे. पण आधी ती सात जणं दारात येऊ देत.