रोजची उपासना : तुमची कशी चालते, कुठे अडते?

चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला, उभं राहिलं की सगळेच पहाटे चारला उठतात! इथे जरा खरं लिहूया. काय वाचता, कधी, किती दिवस बुडतं, आणि त्यानं तुमच्यात काही हललं का? सुरुवात मीच करतो.

आम्ही नगरचे. संध्याकाळी जेवणाआधी कौटुंबिक उपासना, टाळ वाजवून नारायण वामन टिळकांचं एखादं ख्रिस्ती भजन, मग शास्त्रवाचन. आजीला अक्षरओळख नव्हती. आम्ही नातवंडं आळीपाळीनं एकेक वचन वाचायचो आणि कुणी गाळलं की ती डोळे मिटूनच म्हणायची, "मागचं राहिलं." पुण्यात नोकरी लागल्यावर मी वर्षात अख्खं बायबल वाचायचं ठरवलं. अध्याय ११८९. रोज ३, रविवारी ५, की झालं. उत्पत्ती, निर्गम ही पहिली दोन पुस्तकं जोरात व्हायची आणि फेब्रुवारी लागला की लेवीय या नियमांच्या पुस्तकात गाडी रुतायची. सलग तीन वर्षं! आता बायबलमधलं नीतिसूत्रं हे एकच पुस्तक धरलंय. अध्याय ३१, आजची तारीख तोच अध्याय. बुडाला तर बुडाला, भरून काढायचा नाही. १५ तारखेला मृदू उत्तरानं राग शमतो हे वचन येतं आणि ऑफिसात नेमकं त्याच दिवशी कुणीतरी डोकं फिरवतं. मागच्या महिन्यात मेल टाइप करून झाला होता, पाठवला नाही. एवढीच माझी प्रगती.

वसईहून
आमच्याकडे रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना. लग्नानंतर सासूबाईंबरोबर रोज रात्री गुडघ्यावर बसायचे, पण खरं सांगते, अर्धं लक्ष कुकरकडे. नोकरी लागली आणि तेही सुटलं. मग लोकलमध्ये सुरू केलं. गर्दीत माळ काढता येत नाही, म्हणून बोटांवर. दहा बोटं म्हणजे दहा वेळा 'नमो मारिया' ही प्रार्थना, की एक रहस्य (येशू-मरियेच्या जीवनातला मनन करायचा एक प्रसंग) पुरं. गाडी वेळेवर असली तर बोरिवलीपर्यंत पाचही होतात. भाईंदरची खाडी आली की खिडकीतून वारा येतो, तिथे मी मुद्दाम सावकाश म्हणते. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची रहस्यं दिली, ती गुरुवारी म्हणतात. सासूबाईंचा गुरुवार मात्र अजून आनंदाच्या रहस्यांचाच. मी वाद घालत नाही.

नर्स, मिरज
नाइट ड्यूटीवाल्यांना कुणी 'पहाटेची भक्ती' सांगू नये. सकाळी घरी येऊन बायबल उघडलं की त्याच्यावरच झोप लागते. कोविडच्या दिवसांत तर प्रार्थनाच सुचेना. देवाकडे तक्रार म्हणजे अविश्वास, असं लहानपणापासून ऐकलेलं. तेव्हा स्तोत्र १३ हाती लागलं. सुरुवातच "किती काळ?" अशी, तीही चार वेळा. म्हटलं, हे शास्त्रात चालतं तर मलाही चालेल. कित्येक आठवडे तेवढंच म्हटलं, ड्यूटी संपल्यावर चेंजिंग रूममध्ये, उभ्यानं. पुढचं आभाराचं वचन यायला मला बरेच महिने लागले.

कॉलेजात आहे, नाशिक
मोबाईलवर वचन उघडलं की वर व्हॉट्सॲप टपकतं आणि अर्धा तास गेलाच. आता आजोबांचं जुनं, बांधणी सुटलेलं बायबल वापरतो. पानं सांभाळत उलटावी लागतात, त्यामुळे आपोआप हळू वाचतो.

निवृत्त शिक्षक, जालना
माझी प्रार्थनेची वही आहे. डाव्या पानावर नावं, उजवीकडे तारखा. जमिनीवरून वाद झाला तेव्हा धाकट्या भावाचं नाव खोडलं. पण रोज सकाळी वही उघडली की नजर त्या खोडलेल्या ओळीवरच जायची, इतर नावं राहायची बाजूला. चार महिन्यांनी तेच नाव खाली परत लिहिलं. मनापासून नव्हे, कंटाळून. वाद मिटलेला नाही. पण मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला येत्या रविवारी, उपासना सुटल्यावर, त्याच्या घरी जाणार आहे. प्रार्थनेत आठवण ठेवा.