फाशी 'माफ' झाली की आणखी काही? योग्य शब्द सुचवा

तापीकाठ (अमळनेर)
आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी पेरारिवलनचं आयुष्य मराठीत लिहितोय. राजीव गांधी हत्या खटला. १९९१ ला अटक झाली तेव्हा वय १९, आरोप बॉम्बसाठी नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणून दिल्याचा. १९९८ ला फाशी, १९९९ ला सर्वोच्च न्यायालयात ती कायम. ९ सप्टेंबर २०११ ही तारीखसुद्धा ठरली होती, मद्रास उच्च न्यायालयाने ती थांबवली. दयेच्या अर्जावर निर्णयाला अकरा वर्षं लावली म्हणून १८ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. इथे मी 'फाशी माफ झाली' असं लिहिलं. अंक बघणारे नाना म्हणतात, खोडा ते. माफ झाली तर माणूस पुढे आठ वर्षं आत कशाला राहील? पण आमच्याकडे सगळे 'माफ'च म्हणतात. काय लिहावं?

सातपुडा (चोपडा)
नानांचं म्हणणं रास्त आहे. राज्यघटनेच्या मराठी प्रतीत अनुच्छेद ७२, राष्ट्रपतींच्या दयेच्या अधिकाराचा, काढून बघा. क्षमा करणं, सूट देणं आणि शिक्षादेश सौम्य करणं, तिन्ही वेगवेगळे सांगितलेत. तुम्हाला तिसरा हवा. 'शिक्षा सौम्य केली' लिहा.

पांझराकाठ (धुळे)
ताई, 'सौम्य' वाचून लोकांना सौम्य लाठीमार आठवतो. जन्मभर तुरुंगात राहायचं, त्यात सौम्य काय? त्यापेक्षा 'लघुकरण' बरं, निदान कायद्याचा शब्द वाटतो.

सातपुडा (चोपडा)
लघुकरण हिंदी घटनेतला शब्द आहे, दादा. आपल्या भाषेत शब्द असताना तिकडून का आणायचा? वर्गात मुलांना 'लघु' म्हटलं की त्यांना लघुउद्योग आणि लघुकोन आठवतात.

काळा कोट (जळगाव)
दोघांनीही 'माफी'कडे दुर्लक्ष केलंय. तुरुंगात हा शब्द रोज वापरात आहे आणि त्याचा अर्थ तिसराच. चांगली वागणूक, नेमून दिलेलं काम, यावर शिक्षेतून जे दिवस कमी होतात त्यांना तिथे माफी म्हणतात. पक्क्या कैद्याला विचारा, आपली माफी किती जमली ते तो झोपेतही सांगेल. संचित रजा, अभिवचन रजा हे सरकारी शब्द कागदावर. तोंडी फर्लो आणि पॅरोल. पण माफी मात्र कागदावरही माफी आणि तोंडीही माफी.

एका प्रकरणात सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केली नाही, जन्मठेप दिली. दुसऱ्या दिवशी अशिलाची आई पेपरचं कात्रण घेऊन माझ्याकडे आली. मथळा ठळक अक्षरांत : 'फाशी माफ'. हातातल्या कापडी पिशवीत पोरासाठी नवा शर्ट, कॉलरच्या टाचण्याही काढलेल्या नव्हत्या. म्हणाली, "साहेब, मना पोऱ्या घर कव्हय येई?" त्या माउलीला जन्मठेप समजावताना माझा घसा कोरडा पडला. तेव्हापासून हा शब्द मी या अर्थाने वापरत नाही, आणि तुम्हीही वापरू नये असं कळकळीने सांगतो.

केळीबाग (रावेर)
वकीलसाहेब, पण जन्मठेप म्हणजे चौदा वर्षंच ना? आमच्या गावातला एक जण तेवढ्यातच सुटून आला.

काळा कोट (जळगाव)
नाही हो. १९६१ च्या गोपाळ गोडसे निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. चौदाचा आकडा आला १९७८ च्या दुरुस्तीतून, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३३अ. फाशीची जन्मठेप झालेल्याला किंवा ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात जन्मठेप झालेल्याला चौदा वर्षं पुरी होण्याआधी सरकारने सोडायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. चौदा झाली की सोडा, असं कुठेही लिहिलेलं नाही. पेरारिवलन तर एकतीस वर्षांनी सुटला.

पांझराकाठ (धुळे)
मुळात 'जन्मठेप' हाच शब्द जुना झालाय. ती काळ्या पाण्याची शिक्षा. इंग्रजांनी केलेल्या दंड संहितेतून जन्मभराची हद्दपारी १९५५ च्या दुरुस्तीने गेली, तिच्या जागी जन्मभराचा कारावास आला. आपण अजून जन्मठेप म्हणतो.

सातपुडा (चोपडा)
म्हणू द्या की. शब्द लोकांनी धरून ठेवला म्हणजे तो जिवंत आहे. 'येऊन ठेपणं' यातलाच हा ठेप असावा असं मला नेहमी वाटतं. जन्म जिथे येऊन ठेपला, तिथून हलायचं नाही.

पांझराकाठ (धुळे)
ओढूनताणून आहे हे. 'ठेवणे'चा ठेप असेल. जन्मभर ठेवून दिला, संपलं.

तापीकाठ (अमळनेर)
मंडळी, माझं वाक्य राहिलंच. या एका माणसाच्या बाबतीत तीन गोष्टी तीन वेळा झाल्या. २०११ ला फाशीला स्थगिती. २०१४ ला फाशीची जन्मठेप. आणि १८ मे २०२२ ला सुटका. तीही मंत्रिमंडळाची शिफारस राज्यपालांकडे अडकून पडली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ मधला आपला विशेष अधिकार वापरून केलेली. आत असताना त्याने बीसीए, एमसीए केलं. बाहेर त्याची आई अर्पुतम्माळ दारोदार फिरत राहिली. तिन्ही ठिकाणी 'माफ' लिहिलं तर तिचं सगळं चालणं एका शब्दात बुडेल. म्हणून मधल्या टप्प्याला स्वतंत्र क्रियापद हवं.

गिरणाकाठ (भडगाव)
तापीकाठ आबा, आमच्या आजीने हे कधीच सोडवलं होतं. ती म्हणायची, "त्यानी फाशी टळनी." टळणं म्हणजे संकट आज गेलं, पुढचं पुढे. कोणी उपकार केला असा सूर त्यात नाही.

केळीबाग (रावेर)
'टळनी' नाही, 'टयनी'. ळचा य होतो तिकडे. सकाय, डोया.

गिरणाकाठ (भडगाव)
होत असेल. आमच्या घरात ळच होता. आजी सकाळला सकाळच म्हणायची.

पांझराकाठ (धुळे)
आमच्याकडे साक्रीत दोन्ही चालतं. पण 'टळनी' २०११ ला लागू पडतं, तेव्हा खरोखर टळलीच होती. २०१४ ला ती कायमची गेली. त्याला टळणं कसं म्हणणार?

सातपुडा (चोपडा)
म्हणून तर म्हणते, सौम्य.

केळीबाग (रावेर)
आमच्या लेवा बोलीतही य आहे हं, फक्त अहिराणीचाच तो नव्हे. यावलच्या कोणाला तरी विचारून सांगतो.