सिलिकॉन कॅथेटरवर टिकणारं कोटिंग, कुठला मार्ग धरू? (बेळगाव)

खानापूरची_पॉलिमरवाली
नमस्कार मंडळी. बेळगावात एम.टेक. करायलेय, प्रोजेक्ट आहे सिलिकॉनच्या लघवीच्या कॅथेटरवर पाणी धरून ठेवणारं बुळबुळीत कोटिंग. विषय मीच मागून घेतला, कारण घरी आजोबांना कायमचा फोली कॅथेटर (मूत्राशयात फुगा फुगवून अडकवलेली लघवीची नळी) आहे, आत पांढरे क्षार साठून नळी तुंबते आणि मग रात्री-अपरात्री खानापुरातनं बेळगाव गाठायचं म्हणजे त्यांचे हाल बघवत नाहीत.
अडचण अशी की ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेनं चेतवलेला वायू) मारला की पाण्याचा थेंब एकदम पसरतो, कॉन्टॅक्ट अँगल (थेंबाचा पृष्ठभागाशी होणारा कोन) जवळजवळ शून्य, आणि शीट तशीच ठेवली की हळूहळू परत १०० अंशांच्या वर. गाईड म्हणतात पीव्हीपीत (पाण्यात विरघळणारा पॉलिमर) बुडवून काढ, सीनियर म्हणते पॉलिडोपामिन (बहुतेक कशालाही चिकटणारा थर) कर, पेपर वाचावेत तर बेन्झोफेनोन (यूव्ही पडला की बंध जुळवणारं रसायन) आणि यूव्ही. आमच्याकडे प्लाझ्मा, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा, ओव्हन एवढं आहे, बजेट बेताचं. काय धरू?

निपाणीकर_केमिस्ट
प्लाझ्मा नीट चाललाय, काळजी करू नकोस. सिलिकॉनच्या साखळ्या खोलीच्या तापमानालाही सतत हलत असतात, त्यांचं ग्लास ट्रान्झिशनच (ज्याच्या खाली साखळ्या गोठतात ते तापमान) शून्याच्या खाली सव्वाशे अंशांच्या आसपास, त्यामुळं प्लाझ्मानं वर आणलेले सायलॅनॉल (पाणी ओढणारे गट) आत वळतात आणि क्रॉसलिंक न झालेल्या, म्हणजे एकमेकींना न जोडलेल्या, छोट्या साखळ्या आतनं वर येऊन बसतात. म्हणजे प्लाझ्मानंतर लगेच, त्याच बैठकीत, त्या सायलॅनॉलना रासायनिक बंधानं पकडून घ्यायचं. नुसतं पीव्हीपीत बुडवलेलं लघवीत धुऊन जाणार, क्रॉसलिंक केल्याशिवाय त्यात राम नाही.
आणि कुठलाही मार्ग धर, आधी एक्स्ट्रॅक्शन कर, म्हणजे त्या सुट्या साखळ्या धुऊन काढ. हेक्झेनमधे फुगवायचं, सॉल्व्हंट बदलत राहायचं, मग इथेनॉलमधे सावकाश परत आणायचं, मग ओव्हन. फ्यूम हूडखालीच. हे कंटाळवाणं काम पोरं टाळतात आणि मग कोटिंग का टिकलं नाही म्हणून विचारत बसतात.
माझं मत बेन्झोफेनोन. ॲसिटोनमधे १० टक्के द्रावण, त्यात शीट थोडा वेळ बुडव, बाहेर काढून धू, वाळव. ते सिलिकॉनच्या आत मुरतं. मग वर मोनोमरचं (ज्याचा पॉलिमर बनतो तो सुटा रेणू) द्रावण घालून यूव्ही, म्हणजे पॉलिमर पृष्ठभागाला बंधानं जोडला जातो. ऑक्सिजन मधे तडमडतो म्हणून आधी नायट्रोजन सोड. नंतर उरलेलं बेन्झोफेनोन मात्र अगदी कसून धुऊन काढ, नाहीतर पेशींच्या टेस्टमधे तेच मारक ठरेल.

वॉर्डातली_सिस्टर
मी युरॉलॉजी वॉर्डात काम केलंय, तुझी कळकळ समजते गं. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. नळी तुंबते त्यामागं बहुतेक वेळा प्रोटियस मिराबिलिस नावाचे जंतू असतात, त्यांचं युरिएज एन्झाइम युरिया फोडून अमोनिया करतं, लघवीचा पीएच चढतो आणि स्ट्रुव्हाइटचे खडे, म्हणजे तुझे ते पांढरे क्षार, जमतात. बुळबुळीत कोटिंगचा फायदा घालता-काढताना नक्की होईल, पण खडे थांबतात की नाही ते साध्या पाण्यात कधीच कळायचं नाही. आर्टिफिशियल युरिनमधे (लॅबमधे बनवलेली नकली लघवी), प्रोटियस घालून, मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमधे बघायला लागेल.
दुसरं, खडे जमतात आतल्या पोकळीत आणि टोकाच्या भोकात. कोटिंग नुसतं बाहेरनं करून काय उपयोग?
आणि पॉलिडोपामिन तपकिरी-काळं दिसतं ना? आम्ही नर्स लोक नळीतला रंग बघूनच रक्त आहे का, गाळ आहे का ओळखतो. नळी काळपट झाली तर ते दिसायचं कसं?
आजोबांसाठी: बॅग कायम मूत्राशयाच्या खाली, नळीला पीळ नको, डॉक्टरनी पाण्याला बंदी घातली नसेल तर भरपूर पाणी आणि बदलायची तारीख चुकवू नका. लॅबमधली नळी त्यांना कधीही घालायची नाही, कितीही चांगली झाली तरी. माणसावर वापरायचं तर एथिक्स कमिटी, सीडीएससीओ (केंद्राची औषध-उपकरण नियंत्रण संस्था), सगळं रीतसर.

खानापूरची_पॉलिमरवाली
सिस्टर, रंगाचं आमच्या लॅबमधे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार. केमिस्टदादा, मग आतल्या पोकळीचं काय करू? आणि मोनोमर कुठला, एमपीसी की एसबीएमए? शिवाय एकदा कोटिंग करून एफटीआयआर (इन्फ्रारेडनं रासायनिक बंध ओळखणारी टेस्ट) काढला तर सगळे पीक सिलिकॉनचेच.

निपाणीकर_केमिस्ट
सिस्टरांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. लांब बारीक नळीत प्लाझ्मा नीट शिरत नाही, तिथं द्रावणच फिरवायला पाहिजे. पाणी, हायड्रोक्लोरिक ॲसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड ५:१:१ असं पंपानं फिरवून सायलॅनॉल तयार करता येतात, मग धुऊन मेथॅक्रिलेट टोकाचं सायलेन (सायलॅनॉल आणि मोनोमर यांना जोडणारा रेणू) आणि त्याच्यावर मोनोमर. पातळ, पारदर्शक नळी असेल तर बेन्झोफेनोनवालं आतनं भरून बाहेरनं यूव्ही देऊनही बघ, फिरवत फिरवत. पण आधी सपाट शीटवर सगळं जमव.
मोनोमर एसबीएमए. एमपीसी उत्तमच, त्याचं डोकं पेशीच्या पडद्यातल्या फॉस्फोरिलकोलीनचं, टोकियोच्या इशिहारांचं त्यावर आयुष्यभराचं काम आहे, पण तुझ्या बजेटात बसायचं नाही. दोन्ही झ्विटरआयॉनिक (एकाच रेणूवर धन आणि ऋण दोन्ही भार), पाण्याचा थर घट्ट धरून ठेवतात त्यामुळं प्रोटीन चिकटायला जागाच मिळत नाही.
एफटीआयआरमधे एटीआर (पृष्ठभागाला टेकवून मोजायची पद्धत) साधारण मायक्रॉनभर खोल बघतं, तुझा थर नॅनोमीटरमधे, मग खालचं सिलिकॉनच दिसणार. एक्सपीएस (एक्स-रेनं पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणारी टेस्ट) कर, ते वरचे १० नॅनोमीटरच बघतं. एसबीएमएत सल्फर आणि नायट्रोजन आहे, कोऱ्या सिलिकॉनमधे दोन्ही नाहीत, ते पीक आले की पुरावा झाला. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आधी चौकशी कर, तिथं जमलं नाही तर मुंबई आयआयटी. कॉन्टॅक्ट अँगलला मोबाईलचा मॅक्रो फोटो आणि फोटोवरनं मोजमाप करणारं फुकटचं सॉफ्टवेअर इमेजजे चालतं.

उद्यमबाग_मोल्डवाला
पोरी, आमच्याकडं सिलिकॉनचे पार्ट मोल्ड होतात म्हणून चार शब्द. दुकानातला आंबूस वासाचा सिलंट घेऊन शीट करू नकोस, त्यातनं ॲसेटिक ॲसिड सुटतं. मेडिकल ग्रेडचं, प्लॅटिनम क्युअरचं घे. ते क्युअर व्हायच्या आधी लॅटेक्सचे हातमोजे लावू नको, गंधक लागलं की प्लॅटिनम मरतं आणि माल चिकटच राहतो. मोल्डमधनं आलेल्या मालावर रिलीज एजंट असतो, तो आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून मगच तुमचं काय ते केमिकल. आणि फोलीचा फुगा ताणला जातो नव्हे? तिथं कोटिंगला चिरा पडतात का ते ताणून बघ. वाळल्यावर पण चिरा जातात असल्या थराला, थोडं ग्लिसरीन वापरतात त्यावर.

निपाणीकर_केमिस्ट
काकांचं बरोबर. त्यात एवढं घाल: दोन सिलिकॉन पॅडमधे ओली नळी धरून परत परत ओढायची, दर वेळी किती जोर लागला ते लिहायचं. पहिल्या ओढीचा आकडा सगळ्यांचाच चांगला येतो, पुढचे आकडे महत्त्वाचे. मग निर्जंतुक करायला ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) किंवा १२१ अंशांचा ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) करून परत तेच. शेवटी आयएसओ १०९९३-५ ची पेशींची टेस्ट, ७० टक्क्यांच्या खाली जिवंत राहिल्या तर कोटिंग बाद.

खानापूरची_पॉलिमरवाली
ठरलं. एक्स्ट्रॅक्शन, बेन्झोफेनोन, एसबीएमए, आधी शीट मग नळी. काका, प्लॅटिनम क्युअरची पारदर्शक नळी थोडी मिळेल का?

उद्यमबाग_मोल्डवाला
मिळेल की. आतला-बाहेरचा व्यास मिलिमीटरमधे कळव, बाहेरचा फ्रेंचमधे (कॅथेटरच्या जाडीचं माप) सांगितलंस तर ३ नं भागून मी काढतो. १६ फ्रेंचच्या जवळचं असेल ते काढून ठेवतो, पैशाचं बघू नको.