दहावी-बारावीच्या मुलांना जुने भयपट आणि विज्ञानपट दाखवायचेत, कुठून सुरुवात करू?

वाचनवेडी_कुमठानाका

नमस्कार मंडळी. सोलापुरात कुमठा नाक्याजवळ आमच्या सोसायटीचं छोटं वाचनालय आहे, त्याचं काम मी बघते. सुट्टीत दर शनिवारी रात्री गच्चीवर प्रोजेक्टर लावून मुलांना सिनेमा दाखवायचं चाललंय. विषय मुलांनीच निवडला, भीती आणि विज्ञान. एका दशकातला एक सिनेमा घ्यावा, म्हणजे १९३० पासून आजपर्यंत माणूस कशाकशाला घाबरत आला ते त्यांना दिसेल, असं माझ्या मनात आहे.

पण बारावीतल्या एका मुलानं १९३१ चा 'फ्रँकेन्स्टाइन' मोबाईलवर पाहिला आणि सगळ्यांना सांगून टाकलं की यात घाबरण्यासारखं काहीच नाही. आता जुनं नाव काढलं की मुलं तोंड फिरवतात. नारायण धारप वाचून मी स्वतः रात्री पाणी प्यायलाही उठत नसे, पण सिनेमे फार पाहिलेले नाहीत. नुसती नावं देऊ नका, का दाखवायचा तेही सांगा.

पुण्यातला_सोलापूरकर

सरळ १९७९ च्या 'एलियन'पासून सुरू करा. त्याआधीचं काही लावलंत तर अर्ध्या तासात गच्ची रिकामी होईल. नंतर दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा 'द थिंग'. तो आणि 'ब्लेड रनर' अमेरिकेत एकाच दिवशी लागले, २५ जून १९८२. 'ई.टी.' दोनच आठवड्यांपूर्वी आला होता, लोकांना त्यातला परग्रहावरचा गोड पाहुणाच हवा होता, त्यामुळे दोन्ही आपटले. आज त्या वर्षाचं नाव निघालं की या दोघांचं नाव निघतंच.

माग_आणि_सिनेमा

ताई, वरच्या भावांनी सांगितलेले दोन्ही सिनेमे जबरदस्त आहेत, पण जुने टाळू नका. त्या मुलानं मोबाईलवर पाहिला, त्यात त्याला आवाज ऐकूच आला नसणार. भीती कानातून आत शिरते, असं माझं ठाम मत आहे.

मी पूर्व भागातला. खाली माग, वर घर. धोट्याच्या खटाखटीत आम्ही लहानपणी ढाराढूर झोपायचो. लाईट गेली आणि माग थांबले की अख्खी गल्ली जागी व्हायची. आवाज थांबला की माणूस कान टवकारतो, हे मला सिनेमा बघायच्या आधीपासून माहीत आहे.

आता 'फ्रँकेन्स्टाइन' घ्या. १९३१ म्हणजे आपला 'आलम आरा' आला तेच वर्ष, बोलपट नवा नवा होता. श्रेयनामावली संपली की पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. राक्षस पहिल्यांदा येतो तेव्हा आधी जड पावलं ऐकू येतात. दार उघडतं, तो पाठमोरा आत येतो आणि सावकाश वळतो. मग कॅमेरा टप्प्याटप्प्यानं त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. संगीताचा एक सूर नाही. घाबरायचं की कीव करायची, हे आपल्याला कुणी सांगत नाही. मोठ्या स्पीकरवर ही शांतता अंगावर येते.

चाळीसच्या दशकासाठी परदेशी जायची गरज नाही. १९४९ चा 'महल' लावा. 'आएगा आनेवाला' दुरून जवळ येताना ऐकू येतं ना, त्यासाठी लताबाई खरोखरच माईकपासून लांब उभ्या राहून गात गात पुढे आल्या होत्या. खेमचंद प्रकाश यांचं संगीत. भूत दिसायच्या आधी त्याचं अंतर कळतं.

पन्नासच्या दशकातला मात्र 'गॉडझिला'च हवा, आणि मुलांना वाटतो तो नाही. १९५४ चा, जपानी, कृष्णधवल. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर ती किरणोत्सारी राख पडली, त्यातला एक सप्टेंबरमध्ये गेला. ३ नोव्हेंबरला हा सिनेमा लागला आणि त्याची सुरुवातच समुद्रात लख्ख उजेड होऊन बुडणाऱ्या बोटीनं होते. हिरोशिमाला तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. थिएटरातल्या प्रेक्षकांना हे कशाबद्दल आहे ते सांगावं लागलं नसेल.

त्याची डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी काढली. डबल बास नावाचं मोठं तंतुवाद्य असतं, त्याची तार सैल केली, राळ लावलेला चामड्याचा हातमोजा तिच्यावर घासला आणि तो आवाज संथ करून वाजवला. कुठल्याच प्राण्याचा नाही म्हणून तो इतका खरा वाटतो. पण मला त्याहून लक्षात राहिलाय तो इस्पितळातला प्रसंग. गॉडझिला निघून गेलाय, जखमी दाटीवाटीनं पडलेत आणि एका लहान मुलीसमोर किरणोत्सार मोजायचं यंत्र धरतात. ते टिकटिकतं. मापणारा माणूस मान हलवतो. मुलांना एवढा एक प्रसंग दाखवला तरी विज्ञान आणि भीती एकत्र का येतात हे त्यांना कळेल.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९५६ चा 'फॉरबिडन प्लॅनेट', त्यात वाद्य एकही नाही, सगळं संगीत बॅरन दांपत्यानं स्वतः जोडलेल्या विजेच्या सर्किटांतून काढलेलं. १९६८ चा '२००१: अ स्पेस ओडिसी', त्यात अंतराळवीर यानाबाहेर पडला की फक्त त्याचा श्वास, आणि एका क्षणी तोही बंद. 'एलियन'मध्ये यानातल्या हवेच्या बोगद्यात प्राण्याची हालचाल टिपणाऱ्या यंत्राचं ते बीप बीप. आणि २०१८ चा 'अ क्वाएट प्लेस', जिथं आवाज केला की मरण.

एक विनंती. गच्चीवर आवाज उडून जातो. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर पडदा लावा, स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना मुलांच्या कानाच्या उंचीवर ठेवा आणि शेजारच्यांना सांगून खिडकीतले कूलर दीड तास बंद ठेवता आले तर बघा.

गणिताचे_सर

दोन्ही यादी छान. शिक्षक म्हणून एक सांगतो. 'एलियन' आणि 'द थिंग' शाळकरी मुलांना दाखवू नयेत, त्यात शरीर फाटण्याची दृश्यं आहेत. आता आपल्याकडे यूए १३+ आणि १६+ असे वेगळे गट झालेत, नवे सिनेमे निवडताना ते बघा आणि पालकांना आधी कळवा. 'गॉडझिला', 'महल', '२००१' यांना माझी काहीच हरकत नाही.

वाचनवेडी_कुमठानाका

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचं वाचून मी 'महल'मधलं ते गाणं हेडफोन लावून ऐकलं आणि खरंच मागे वळून पाहिलं. पहिल्या शनिवारी 'गॉडझिला'च लावते. पण तो जपानी, सबटायटल इंग्रजी, आणि आमची निम्मी मुलं मराठी किंवा तेलुगू माध्यमाची. काय करावं?

माग_आणि_सिनेमा

ताई, सिनेमाच्या आधी दहा मिनिटं त्या बोटीची गोष्ट सांगा, मराठीत आणि तेलुगूत. तेलुगूत सांगायला मी येतो. मग संवाद थोडे सुटले तरी चालतील, इस्पितळातल्या त्या प्रसंगाला भाषा लागत नाही. फक्त मूळ जपानीच मिळवा. १९५६ ची अमेरिकन आवृत्ती इंग्रजीत आहे म्हणून मोह होईल, पण तिच्यात रेमंड बर हा अमेरिकन नट पत्रकार म्हणून मध्ये घुसवलाय आणि अणुबॉम्बबद्दलचं बरंचसं बोलणं काढून टाकलंय.