‘सॉरी’ : दुःख आधी, माफी नंतर

परदेशी मालिकेतला डॉक्टर शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर येतो, नातेवाइकांकडे बघून ‘आय ॲम सॉरी’ म्हणतो आणि खाली मराठी ओळ उमटते, ‘मला माफ करा.’ अशी ओळ वाचली की मला फार खटकतं. डॉक्टरकडून चूक झाली, असं तो कुठे म्हणाला?

सॉरी हे मुळात विशेषण आहे आणि त्याचा पहिला अर्थ दुःखी, व्यथित असा आहे. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे वेदना, जखम. त्यावरून ‘सारिग’, म्हणजे वेदनेनं भरलेला. घसा दुखतो तेव्हा ‘सोअर थ्रोट’ म्हणतात, त्यातला ‘सोअर’ही याच घरातला. म्हणजे सॉरी असणं म्हणजे आतून दुखणं. दुःख या अर्थाचा ‘सॉरो’ त्याचं सख्खं भावंड वाटतो, पण त्याचं मूळ वेगळं आहे. जर्मनमध्ये काळजी, चिंता या अर्थाचा शब्द आहे, त्याच्याशी ‘सॉरो’चं नातं. अर्थ जवळचे, त्यामुळे सहवासानं उच्चारही जवळ आले.

आपल्याकडच्या ‘दिलगीर’नं हीच वाट धरली, हे मला विलक्षण वाटतं. फारसी ‘दिल’ आणि ‘गीर’, म्हणजे ज्याचं काळीज धरलं गेलंय असा. जुन्या मराठी पत्रांत कुणी दिलगीर झाला, तर तो खिन्न झालेला असे. आज मात्र ‘दिलगिरी व्यक्त करतो’ म्हटलं की चूक कबूल केल्यासारखं ऐकू येतं. दुःखाचा शब्द माफीकडे सरकला. फरक इतकाच, की इंग्रजीनं सॉरीचा जुना अर्थही जिवंत ठेवला, आपण दिलगीरचा जवळपास सोडला.

या दोन अर्थांवर एकदा दोन देशांचं राजकारण अडलं होतं. एप्रिल 2001 मध्ये हैनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान एकमेकांवर आदळले. चिनी वैमानिक गेला, अमेरिकेचे 24 जण चीनच्या ताब्यात राहिले. चीनला माफी हवी होती. 11 एप्रिलला अमेरिकेनं दिलेल्या पत्रात ‘व्हेरी सॉरी’ दोनदा आलं : वैमानिकाच्या मृत्यूबद्दल, आणि परवानगीशिवाय चिनी हद्दीत शिरून विमान उतरवल्याबद्दल. चीननं ते माफी म्हणून लोकांसमोर मांडलं, अमेरिका म्हणाली ही माफी नव्हे. माणसं सुटली. एकाच विशेषणाचा ज्यानं त्यानं आपल्याला हवा तो अर्थ घेतला.

वाक्यातली जागाही अर्थ ठरवते. ‘सॉरी फॉर’पुढे माणूस आला की बहुधा हळहळ किंवा कीव, पुढे स्वतःचं कृत्य आलं तर माफी. ‘सॉरी टु हिअर दॅट’ म्हणजे ऐकून वाईट वाटलं, त्यावर ‘असू दे, तुझी काय चूक’ हे उत्तर बसत नाही. आणि नामाच्या आधी बसलं की अर्थच पालटतो. ‘अ सॉरी साइट’मध्ये दुःख बोलणाऱ्याचं नसतं, समोरचं दृश्यच केविलवाणं असतं. ‘केविलवाणा’ हा इथे अगदी नेमका शब्द आहे. ‘दयनीय’ मला पुस्तकी वाटतो.

मराठीत आल्यावर सॉरी विशेषण उरलंच नाही. ‘सॉरी म्हण’, ‘तुझं सॉरी नकोय मला’ : आपण त्याला नाम केलं, नपुंसकलिंगही दिलं, आणि अर्थ उचलला तो फक्त माफीचा. बोलण्यात माझी त्याला हरकत नाही. घोळ होतो तो इंग्रजीतून मराठीत आणताना, कारण तिथे आपण आपलं हे अर्धं सॉरी मूळ सॉरीवर लादतो. म्हणून प्रतिशब्द शोधण्याआधी बोलणाऱ्याला काय वाटतंय ते बघावं. कुणाच्या घरी माणूस गेलं असेल तर ‘ऐकून फार वाईट वाटलं’ हेच सॉरी. त्या डॉक्टरच्या तोंडी मी लिहीन, ‘आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही.’